छातीच्या फोटोचा मधला तुकडा

दाजी, तुम्ही डॉक्टरांशी खोटं बोललात. हे सुरुवातीलाच लिहून टाकतो, म्हणजे पुढचं लिहिताना ते मध्ये मध्ये टोचणार नाही.

दहाव्याला नीरेच्या काठावर तुमच्याबद्दल बरीच माणसं बोलली. सोपानराव म्हणजे हसतं माणूस, सोपानराव म्हणजे दिलदार, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मी मागं उभा राहून ऐकत होतो. त्यातलं काही खोटं नव्हतं. पण माझ्या थोरल्या बहिणीचे मालक म्हणून मी ज्यांना अर्धं आयुष्य ओळखत होतो, ते एवढेच नव्हते. ते गोष्टी लपवायचे, आणि लपवताना इतकं हसायचे की समोरच्याला पत्ता लागायचा नाही.

मला पत्ता लागायला हवा होता, असं तुम्हीच म्हणाला असता. तुम्ही मला कधी नावानं हाक मारली नाही. घरात 'मेव्हणं' आणि चारचौघांत 'फॅटवालं मेव्हणं'. काटेवाडीच्या डेअरीत दुधाचं फॅट काढणं, पाणी ओळखायला डिग्री बघणं, हे माझं काम. निरवांगीच्या पारावर तुम्ही माझी ओळख करून द्यायचात ती अशी : "ह्यांच्याम्होरं जपून हसा रं. हसण्यात पाणी किती हाय ते सांगत्याल."

"तुमच्या हसण्याची डिग्री कमीच लागते, दाजी."

"लागंना का. गिऱ्हाईक हाय का कुठं त्याला?"

आपला वाद कायम हाच. तुमचं म्हणणं, संशय हा माझा धंदा झालाय आणि धंदा घरी आणू नये. माझं म्हणणं, संशय न घेणारं मेंढरू लांडगा आधी नेतो. हे तुमच्याच मेंढपाळ घराण्यातलं उदाहरण, म्हणून मुद्दाम द्यायचो. त्यावर तुम्ही बिडीचं टोक दातात धरून म्हणायचात, "व्हय. पर सदा न कदा कान टवकारून उभं ऱ्हायलं, तर ते चरंल कवा?" मग मी विषय दुधाच्या भावावर न्यायचो.

एकदा मात्र माझ्यावरच संशय आला. डेअरीत मी फॅट कमी लावतो, असं काही लोकांनी उठवलं. कुणी तोंडावर बोलेना, पण माझ्याकडं पाठ करून उभे राहायला लागले. तुम्हाला कुणी कळवलं देव जाणे. सकाळी तुम्ही सायकलवरून काटेवाडीत हजर. डेअरीच्या पायरीवर बसलात, येणाऱ्याजाणाऱ्याला राम राम केलात, सगळ्यांचं दूध घालून होईपर्यंत बसून राहिलात. जाताना फक्त एवढंच म्हणालात, "माजा मेव्हणा सगळ्यांवर संशय घेतो. सोतावर आदी घेतो. ध्यानात ठिवा." त्या दिवसाबद्दल मी तुमचे आभार मानले नाहीत. दाजी-मेव्हण्यात आभार मानायची पद्धत नाही. आता मानतो.

आता छातीचं.

गेल्या उन्हाळ्यापासून तुमची छाती आवळायला लागली. तुम्ही ते असं सांगितलं होतं : ओलं घोंगडं छातीला गुंडाळावं आणि दोन्ही टोकांनी दोघांनी पीळ घालावा, तसं. सांगताना हसत होता. आक्का चुलीपुढून म्हणाली, "बिड्या वढून वढून दुसरं काय व्हनार?" मी म्हटलं, तुमच्या गुऱ्हाळावरच्या चिपाडाची धूळ असेल. वळचणीला पडून बुरशी धरलेली उसाची चिपाडं तुम्ही उचलून काहिलीखालच्या चुलवाणात घालायचा, तेव्हा तुम्हाला खोकल्याची उबळ यायची, हे मी पाहिलं होतं. तुम्ही म्हणालात, "समदी कारणं झाली. आता करनीचं राहिलं, ते शेजारची पारू सांगंल."

कालव्याच्या भरावावरून आपण चालत जायचो तेव्हा तुम्ही मध्येच थांबायचात. दिवाळीनंतर त्या भागात मेंढरांचे कळप उतरतात. कुठलाही कळप दिसला की तुमचा हात वर. "थांबा मेव्हणं, मोजू द्या." तुमच्या बापानं मेंढरं विकून जमीन केली, पण तुमची ही सवय गेली नाही असं मी समजत होतो. एक इसा, दोन इसा, विसाविसाचे गठ्ठे करून ओठांत पुटपुटत मोजायचा. तुमचा आकडा कधी चुकायचा नाही. धनगर विचारायचा, "पाव्हणं, किती?" तुम्ही सांगायचा आणि तो मान डोलवायचा.

डॉक्टरकडं तुम्ही आपणहून आला नसता. मीच तुम्हाला बारामतीला छातीच्या डॉक्टरांकडं नेलं. आक्काही होती. डॉक्टरांनी फोटो काढला, उजेडाच्या पेटीवर लावला. छातीच्या मधोमध, काळजाच्या वरच्या अंगाला, दोन्हीकडं दोन गोल सावल्या. डॉक्टर म्हणाले, "ह्या गाठी आहेत. प्रत्येकाच्या छातीत असतात, पण इतक्या मोठ्या नसतात."

मी म्हटलं, कशानं वाढतात ते सगळं सांगा. निम्मं नको. डॉक्टरांनी माझ्याकडं नीट पाहिलं आणि सांगितलं. आपल्या भागात पहिला संशय टीबीचा. मग गाठींचाच कॅन्सर. मग फुफ्फुसातला कॅन्सर गाठीत उतरलेला. दगडाच्या खाणीत, ओतकामात जन्म काढलेल्या माणसाच्या छातीतही धुळीनं अशा गाठी येतात. एक आजार असा की त्यात गाठी वाढतात आणि का वाढतात ते कुणालाच ठाऊक नाही. सार्कॉइडोसिस असं त्याचं नाव, ते मी त्यांच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. चिपाडाच्या धुळीचं मी विचारलं, तर त्यांनी ते उडवून लावलं नाही. बुरशीच्या धुळीनं छाती भरते, म्हणाले, पण एवढ्या गाठी फक्त त्यानं क्वचित. "आणि एक लक्षात ठेवा," ते म्हणाले, "छाती आवळते आणि छातीत गाठी आहेत, ह्या दोन गोष्टी एकाच दाव्याला बांधलेल्या असतील असं नाही. म्हणून विचारतो. चालल्यावर आवळते का? चढावर?"

"कवाबी आवळती," तुम्ही म्हणालात.

"थांबलं की कमी होते?"

"तसं काय न्हाय."

त्यांनी तुम्हाला झोपवून काळजाची पट्टी, ईसीजी, काढली. ती चांगली आली. काळीज अधू असलं तरी झोपलेल्या माणसाची चांगली येऊ शकते, तेही ते म्हणाले. मग त्यांनी शेवटचं विचारलं. "ह्याआधी कधी छातीचा फोटो काढला होता? जुना फोटो असला तर फार काम होईल. गाठी जुन्या की नव्या ते त्यावरून लगेच कळेल."

तुम्ही आक्काकडं पाहिलं. मग डॉक्टरांकडं पाहून हसलात. "न्हाय बा. आमाला कोण फोटो काढतंय? लग्नातबी न्हाय काढला."

डॉक्टर हसले, मीही हसलो. आक्का हसली नाही. मला वाटलं, घाबरली असेल.

पुण्याला जाऊन गळ्याच्या खळगीत छोटा काप घ्यायचा आणि गाठीचा तुकडा तपासायचा, असा त्यांचा सल्ला होता. तुम्ही नको म्हणालात. थुंकी तीनदा तपासली, त्यात काही सापडलं नाही. मग डॉक्टर म्हणाले, संशय सगळ्यात जास्त ज्याचा, त्याची औषधं सुरू करू आणि दोन महिन्यांनी पुन्हा फोटो बघू. तुम्हाला टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या.

दाजी, ज्या शब्दाची तुम्हाला भीती होती तो शब्द मग घरात शिरलाच. गोळ्यांनी लघवी लाल होते, हे तुम्हीच पारावर सांगितलंत. "हळदकुंकू चाललंय आत." लोक हसले आणि घरी जाऊन त्यांनी बायकांना सांगितलं. शेजारच्या पारूकाकूंनी तुम्हाला चहा द्यायचा कप बदलला. कानतुटका कप, तो धुऊन बाहेरच्या कट्ट्यावर उपडा घालायच्या. थुंकीत जंतू नाहीत, हे मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकलं, हो म्हणाल्या, कप तोच राहिला.

वालचंदनगरच्या रंगनाथरावांकडून निरोप आला तो त्याच महिन्यात. शालनची, तुमच्या धाकटीची, त्यांच्या मुलाशी सुपारी फुटली होती. निरोपात नकार नव्हता. 'जरा थांबू' एवढंच होतं. मला असल्या 'जरा'चा अर्थ कळतो.

दोन महिन्यांनी पुन्हा फोटो. गाठी तेवढ्याच. वाढल्या नाहीत आणि कमीही झाल्या नाहीत. मी डॉक्टरांना विचारलं, औषध लागू असेल तर कमी व्हायला नकोत का? ते म्हणाले, गाठींना वेळ लागतो, पण मलाही हे पटत नाही. आता पुण्याला जाच. ह्या वेळी तुम्ही होकार दिलात. ऊस तुटला की जाऊ, म्हणालात.

त्याच दिवशी निरवांगीला परतताना भरावावर तुम्ही थांबलात. हात वर, समोर कळप. मीही मोजायला लागलो, चाळा म्हणून. धनगरानं विचारलं, तुम्ही आकडा सांगितला. तो म्हणाला, "न्हाय पाव्हणं, चुकलं." त्याचा आकडा माझ्या आकड्याशी जुळत होता, तुमचा कुणाशीच नाही. मी तुमच्या तोंडाकडं पाहिलं. घाम होता. हवेत तर गारठा होता. मी काही विचारायच्या आत तुम्ही म्हणालात, "डोळं गेलं बगा, मेव्हणं. चष्मा घ्या आता."

पुण्याला गेलो की हेही डॉक्टरांच्या कानावर घालायचं, असं मी मनाशी धरलं. ऊस तुटायच्या आत तुम्ही गेलात. त्याच भरावावर, दुसऱ्या कुठल्या कळपापुढं. तो धनगर दहाव्याला आला होता. तो म्हणाला, "मेंढरं मोजत हुबं हुतं. हात वर हुता. मग खाली बसलं. मला वाटलं, मोजून झालं."

हे ऐकल्यापासून माझा संशय ठाम झालाय. तुम्ही मेंढरं मोजायला थांबत नव्हताच. किती वर्षं हे चाललं होतं, तेवढं कळत नाही. चाललं की छाती आवळायची, थांबलं की सुटायची. आणि बायकोमेव्हण्यासमोर दम लागला म्हणून थांबायचं नाही, म्हणून मेंढरं. तुमच्या आवळत्या छातीला आम्ही सगळे त्या दोन गाठींचा हिशेब लावत बसलो. तिकडं काळीज वेगळंच सांगत होतं.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. मोठी माणसं एकेक करून पुढं झाली. गुऱ्हाळ चालू ठेवू, बैल विकणार नाही, शालनचं लगीन वर्षाच्या आत करू. कावळा बाभळीवर बसून राहिला. मग आक्का पुढं आली, पिंडापाशी वाकून काहीतरी बोलली, आणि कावळा उतरला. माझा कावळ्यावर विश्वास नाही. भात ताजा होता आणि माणसं मागं सरकली होती, एवढंच. पण आक्का काय बोलली, त्याचा संशय मला आला, कारण बोलून झाल्यावर तिनं माझ्याकडं पाहिलं.

संध्याकाळी ती म्हणाली, "आप्पा, ह्यांनी फोटू काढला हुता. पयला. बैलानं ढुसनी दिली तवा."

"कधी? कुठल्या बैलानं?"

"सूर्याला गरान लागलं, त्या सालाच्या आदी. बारामतीतच. बरगडी नीट हाय म्हनालं, पर मदी गाठी दिसत्यात, जुन्या आसतील, भ्यायचं कारन न्हाय, फोटू जपून ठिवा. मी संगं हुते."

"मग डॉक्टर विचारत होते तेव्हा बोलली का नाहीस?"

"शालनची शपत घातली हुती. फोटूचं कुटं बोलायचं न्हाय म्हनून. आज पिंडापाशी ती सोडवून घेतली. पोरीच्या घरात छातीचा फोटू काढल्याला हाय म्हनलं की लोक काय म्हनत्यात, ठावं हाय तुला."

ठाऊक आहे. आपल्याकडं बरगडीचा फोटो कुणी लक्षात ठेवत नाही. छातीचा फोटो म्हटलं की पुढचा शब्द ठरलेला. भ्यायचं कारण नाही, हे तुम्ही त्या दवाखान्याच्या पायरीवरच ठेवून आलात आणि गाठी तेवढ्या घरी आणल्या. शालन तेव्हा शाळेत होती.

"आणि तो फोटो कुठाय?"

आक्का म्हणाली, "गरानात कापला की."

मला ते ग्रहण चांगलं आठवतं. दिवाळीतलं. दुसऱ्या दिवशी मी भाऊबीजेला आलो तेव्हा आळीतली सगळी पोरं काळ्या फिल्मचे तुकडे डोळ्यांना लावून फिरत होती. मी ओरडलोसुद्धा : अशानं डोळे जातात, पेपरात आलंय. फिल्म कुठून आणली म्हणून विचारलं, तर तुम्ही म्हणालात, "बारामतीत दवाखान्यामागं पडलेल्या असत्यात. आनल्या गठ्ठाभर." गठ्ठाभर! एकच होती, आणि ती तुमची होती. आक्का सांगते, ओसरीवर बसून मेंढरांची लोकर कातरायच्या कातरीनं तुम्ही ती कापलीत, आणि कापताना पोरांना म्हणत होता, "घ्या रं, सोपानरावाच्या छातीतनं सूर्य बगा."

मौज म्हणून कापलीत की नाहीशी करायची म्हणून, ह्याचा मी अजून विचार करतोय. आक्का म्हणते, मौज. मी म्हणतो, मौजेआड लपवाछपवी; तुमची रीतच ती. हा वाद आता तिच्या-माझ्यात राहणार.

दुसऱ्या दिवशी मी आळीत घरोघर फिरलो. ग्रहणाचा तुकडा आहे का? लोकांना वाटलं, दाजींच्या जाण्यानं ह्याचं डोकं फिरलं. पण तुकडे निघाले. एक ट्रंकेच्या तळाशी, एक कॅलेंडरमागं खोचलेला, एक पोराच्या कंपासपेटीत. पारूकाकूंकडं कोपरा होता, त्यावर पांढऱ्या बारीक अक्षरांत तुमचं नाव. त्यांनी तो देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवला होता. ज्या माणसाला कानतुटका कप, त्याच्या छातीचा तुकडा देवापाशी. मी कोपरा हातात घेऊन नाव वाचलं. त्याच म्हणाल्या, "चांगला काळा हुता, म्हनून ठिवला."

तिथं माझ्या लक्षात आलं. आणलेले सगळे तुकडे काळे होते. फोटोत फुफ्फुस काळं येतं. सूर्य बघायला काळंच लागतं. काळीज आणि त्याच्या बाजूच्या गाठी पांढऱ्या येतात; त्यातून सूर्य बघितला तर डोळे दिपतील. म्हणजे मधला तुकडा तुम्ही कुणाला दिलाच नसणार.

"मधला पांढरा तुकडा टाकला का गं?" मी आक्काला विचारलं.

ती भाकरी थापत होती. पिठाच्या हातानं तिनं वर दाखवलं. चुलीवरच्या खिडकीची एक काच कधीची फुटलेली. तिथं धुरानं तांबूस झालेला एक पातळ पडदा चुका मारून बसवला होता. "ह्यो काय. वारा येऊन चूल इझायची. म्हनालं, ह्यातनं सूर्य दिसत न्हाय, पर उजेड येतोय. बसवला."

तेव्हापासून आक्का रोज तुमच्या काळजातून येणाऱ्या उजेडात भाकरी करत होती, दाजी. मी त्या खिडकीखाली बसून कितीदा जेवलोय.

मी तो काढला, कोमट पाण्यानं हळूच पुसला आणि नव्या फोटोसोबत डॉक्टरांकडं नेला. त्यांनी दोन्ही शेजारी लावले. मोजपट्टी घेऊन गाठी मोजल्या, पुन्हा मोजल्या. मग म्हणाले, "तेवढ्याच आहेत. एवढी वर्षं कॅन्सरच्या गाठी अशा थांबत नाहीत. पेटता टीबीही असा बसून राहत नाही. लहानपणी होऊन गेलेलं काहीतरी, नाहीतर ते तुम्ही माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं होतं, ते. घरात कुणाला ह्यातून काही लागायचं कारण नाही."

"आणि छाती आवळत होती ती?"

मी मेंढरांचं सांगितलं. भराव, वर केलेला हात, चुकलेला आकडा, घाम. त्यांनी चष्मा काढला. "मी त्यांना विचारलं होतं," ते म्हणाले.

"हो. मी ऐकलंय."

"काळीजच असावं. पण आता ठामपणे नाही सांगता येणार."

मी त्यांच्यावरही संशय धरून गेलो होतो. तो तिथं ठेवून आलो.

राहिले रंगनाथराव. आक्काचा जीव आता तिथंच अडकला होता : शालनचं लग्न वर्षाच्या आत झालं नाही, तर रीतीप्रमाणं तीन वर्षं पुढं ढकलणार, आणि ढकललेलं लग्न मोडतं. मी त्यांना घरी बोलावलं. ते आले, ओसरीवर टेकले, आक्कानं ठेवलेल्या तांब्याला हात लावला नाही. मी मधला तुकडा दाखवला, डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं. त्यांनी तुकडा उजेडाकडं धरला.

"पाव्हणं, राग मानू नका. ह्याच्यावर नाव कुठाय?"

नाव कोपऱ्यावर होतं. मधल्या तुकड्यावर काहीच नव्हतं.

"ह्यो सोपानरावांचाच कशावरनं? तुमी माझ्या जागी असता तर?"

"मीही हेच विचारलं असतं," मी म्हटलं. दाजी, तुम्ही असता तर पोट धरून हसला असता. फॅटवाल्या मेव्हण्याला फॅटवाला भेटला.

आक्का आत गेली आणि वाटीभर चिंचोक्याची खळ शिजवून घेऊन आली. तुमच्या आईच्या हयातीत घोंगड्यांना लावायची ती. मी ओसरीच्या खिडकीच्या काचेवर खळीनं एकेक तुकडा चिकटवायला घेतला. पोरं जमली, मग बाया. ज्यांनी आधी तुकडे दिले होते ते आपापला तुकडा ओळखायला लागले. "त्यो खाली घ्या, उलटा हाय." "आरं, ती बरगडी न्हवं का?" पारूकाकू पुढं झाल्या, त्यांनी स्वतःच्या हातानं नावाचा कोपरा लावला. दोन जागा रिकाम्या राहिल्या. ते तुकडे कधीचे हरवलेत. मध्ये मी काळीज बसवलं.

रंगनाथराव उठले. ते वालचंदनगरच्या कारखान्यात जन्मभर जोडकाम तपासत आलेले. कापाच्या रेषेवरून त्यांनी अंगठा फिरवला, आधी वर, मग खाली. तुमच्या कातरीचं एक पातं टोकाशी खचलेलं, म्हणून तिच्या प्रत्येक कापाला एक बारीक दात पडलेला. तो दात नावाच्या कोपऱ्यापासून काळजापर्यंत सगळीकडं सारखा होता आणि समोरासमोर बसत होता.

"हत्यार एकच हाय," ते म्हणाले. मग म्हणाले, "कातर हाय का घरात?"

शालननं आणून दिली. त्यांनी पातं पाहिलं, तिच्या हातात परत दिली आणि खाली बसले. "वैनी, च्या ठिवा," ते म्हणाले. "साखर जरा कमी."

आक्कानं घरातल्या नेहमीच्या कपात चहा दिला. पारूकाकूंनीही मागितला. गप्पा सुरू झाल्या, तारखांचं निघालं. मी मात्र रंगनाथरावांच्या कपाकडं बघत होतो. माणूस मागतो आणि ओठाला लावून ठेवून देतो, असंही मी पाहिलंय. ते उठल्यावर मी कप उचलून आत पाहिलं. तळाशी चहाची भुकटी होती, चहा नव्हता.

माणसं गेल्यावर काचेवरचे तुकडे मी सोडवले. ज्याचे त्याला परत देऊ म्हटलं, तर कुणी घेतले नाहीत. शालननं ते रुमालात बांधून ठेवलेत. मधला तुकडा मीही जपून ठेवणार होतो, पहिल्या डॉक्टरांनी सांगितल्यासारखा. आक्का म्हणाली, "त्यो हितं आन. वारा यायला लागलाय."

मी स्टुलावर चढून तो खिडकीत बसवला, चुका ठोकल्या. खाली उतरून बघितलं, आणि मला शंका आली. डाव्याचं उजवं तर झालं नाही ना? काळीज कुठल्या बाजूला यायला हवं, आतून बघणाऱ्याच्या की बाहेरून? मी पुन्हा वर चढायला लागलो.

"काय झालं?" आक्कानं विचारलं.

"उलटा लागलाय का बघतो."

"उजेड येतोय न्हवं?" ती म्हणाली आणि तव्यावर भाकरी टाकली. "मग खाली उतर. जेवून घे."

मी उतरलो, दाजी. तुमच्या खाली बसून जेवलो.